बडग्याच्या गळ्यातली पाटी

तीस वर्षं झाली, डोमाजी निखारे बडग्या बांधतात
आणि त्याच्या गळ्यातली पाटी मी लिहिते.
खोकला, महागाई, डेंग्यू, लोडशेडिंग,
एकदा नळाचं पिवळं पाणी,
एकदा समुद्रापलीकडचा कोणी हुकूमशहा,
ज्याच्या नावात माझी वेलांटी चुकली
आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.
लांबचा होता. छान जळला.

यंदा पोळ्याच्या चार दिवस आधी
जगन्नाथ बुधवारीच्या बोळात कामट्यांचा सांगाडा उभा राहिला.
चुलीवर मैद्याची खळ, मी रद्दी फाडत बसलेली.
एका राजधानीत निवडणूक पुढे ढकलली.
दुसऱ्या राजधानीत न्यायाधीश घरी पाठवले, फळांच्या टोपल्या देऊन.
तिसऱ्या पानावर पहिला आणि दुसरा
हात हातात घेऊन उभे, मागे फुलदाणी.
भिजल्यावर सगळ्यांची शाई एकमेकांत उतरली.
खळीत सरहद्द टिकत नाही.

चेहरा दारात वाळायला ठेवला.

इंदोऱ्याच्या विहारात शिकायला आलेला
ब्रह्मदेशाचा कोवळा भन्ते छत्री मिटून थांबला.
मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये तो हमारा है."
काबूलचा हिंगवाला गालावरून बोट फिरवत म्हणाला,
"दाढी लगाओ. फिर हमारा."
डोमाजींची पुतणी मंजिरी, परदेशात नर्स,
तिला फोनवर दाखवला
तर तिनं आधी आवाज बंद केला,
मग नुसत्या ओठांनी म्हणाली,
इथं नको, काका.

झिरो माईलच्या दगडावर
हैदराबाद किती लांब, जबलपूर किती लांब, कोरून ठेवलंय.
हे किती लांब आहे ते मोजायला
साहेबाची साखळी पुरली नसावी.

संध्याकाळी हवालदार येसनसुरे आले.
"परवानगी हाय जी. फक्त पाटीवर काय लिहून रायले ते दाखवा."
"काहीच नाही लिहून रायलो."
ते चेहऱ्याकडे बघत राहिले.
टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली.
"डोमाजी," हळूच,
"हा आपला तर नाही ना?"

रात्री मीही विचारलं.
डोमाजी हात धूत होते, नखांत खळ.
"कोणाचाच नाही वो बाई. बापाच्या हातचा साचा हाय.
साठ वर्षं झाली, गाल तेच, हनुवटी तीच.
मी फक्त मिशी बदलतो.
यंदा मिशी लावाची राहून गेली."

मारबत निघाली.
पोरांच्या हातात लाकडी बैल, गच्च्यांवर बाया,
धूळ, गुलाल, बँड, चपलांचा खच.
आरोळीत एक जागा मोकळी असते.
आधी रोगाचं नाव, मग सगळे मिळून, घेऊन जा गे मारबत.
लोकांनी छाती भरून श्वास घेतला.
पाटीकडे पाहिलं.
शेजाऱ्याकडे पाहिलं.
एक क्षण इतवारीत फक्त एका बैलाची चाकं वाजली
आणि मग आरोळी मधूनच सुरू झाली:
घेऊन जा गे मारबत.
काय घेऊन जा, ते ज्यानं त्यानं गिळलं.

तलावाकाठी बांबूच्या गाठी फटाफट फुटल्या.
चेहरा सगळ्यात शेवटी गेला, कपाळाकडून.
भन्ते गर्दीत होता. हात जोडलेले नव्हते.
येसनसुरे पाठ करून वाहनं वळवत होते.

दुसऱ्या दिवशी डोमाजींनी साचा धुतला,
फडताळावर ठेवायला माझ्या हातात दिला.
आतली पोकळ बाजू माझ्याकडे होती.
मी डावीकडे सरकले, तो डावीकडे वळला.
उजवीकडे सरकले, उजवीकडे.
"सगळेच पोकळ साचे असं करतात," डोमाजी म्हणाले,
"भेव नका. उपडा ठेवा."

पाटी पत्र्याची, ती जळत नाही.
घरी आणून भिंतीला टेकवली आहे.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवलाय,
कडक होऊ नये म्हणून.